जरीनाचं रीडिंग

कार्यक्रमाचे अध्यक्ष प्राचार्य गणपतराव सरनोबत साहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख प्राध्यापक हंबीरराव इंगवले सर, वहिनीसाहेब, प्राध्यापक मंडळी, माझे कर्मचारी बंधू आणि विद्यार्थी, सर्वांना माझा नमस्कार.

मी लालासाब शिकलगार, याच विभागात लॅब असिस्टंट. सरांच्या हाताखाली एकोणीस वर्षं काढली. दोन शब्द बोल, असं प्राचार्यसाहेबांनी सांगितलं. दोनाचे थोडे जास्त होतील, तेवढं सांभाळून घ्यावं.

सरांनी मला घडवलं. मॅट्रिक नापास माणूस मी, उचगावात सायकली दुरुस्त करणारा. सरांनी वीज साठवणारा कंडेन्सर किती भरतो ते मोजायला शिकवलं. कानाला हेडफोन लावायचा, त्यात शिट्टीसारखा आवाज येतो. रोधाच्या पेटीतल्या खुंट्या काढत-घालत जायचं आणि आवाज सगळ्यात बारीक होईल तिथलं रीडिंग घ्यायचं. दोन कंडेन्सर पॅरलल जोडले तर बेरीज होते. सिरीजमध्ये जोडले तर उत्तर दोघांतल्या लहानाहूनही लहान येतं. सर वर्गात दरवर्षी सांगायचे, "अंगावर छापलंय ते कारखान्यातलं. आज किती आहे ते आधी एकेकटा मोजून बघा, मग जोडा." मी दाराशी उभा राहून ऐकायचो. मला तो माणूस फार मोठा वाटायचा. खोटं कशाला सांगू?

मुलं काय करायची ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. छापील आकडा सूत्रात घालायचा, उत्तर आधी काढायचं आणि रीडिंग मागून लिहायचं. हसू नका, तुमच्यातले निम्मे असेच पास झालेत.

चौऱ्याहत्तर साली माझी जरीना बी.एस्सी.ला होती. त्याआधीच्या पावसाळ्यात मी सरांना सांगितलं होतं, की कंडेन्सरच्या चार नंबरच्या पेटीतल्या दोघांपैकी एक ओल धरून बदललाय. दोन्हींवर छापलंय पॉइंट एक, हा भरतोय पॉइंट एक-तीन. सर म्हणाले, परीक्षा झाल्यावर बदलू. आणि सगळ्या पेट्या तपासल्याची सही त्यांनी रजिस्टरात केली. मीही गप्प बसलो. ती चूक माझी, ती मी नाकारत नाही.

मुलगी परीक्षेला बसणार म्हणून मी तीन दिवस रजा घेतली आणि कसबा बावड्यात घरी बसून राहिलो. रजेच्या अर्जावर सही सरांचीच. पेटीबद्दल घरी एक अक्षर काढलं नव्हतं. कुठला प्रयोग येणार ते तरी कुणाला माहीत? तिथं चिठ्ठी उचलावी लागते. जरीनाला नेमकी चार नंबरची पेटी आली. त्या पेटीवर तीन दिवसांत अकरा जण बसले. दहा जणांनी पॅरललचं उत्तर लिहिलं पॉइंट दोन. जरीनानं एकेक कंडेन्सर आधी मोजला आणि लिहिलं पॉइंट दोन-तीन.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सरांना विचारलं, ही एकटीच वेगळी कशी? आता सरांनी काय सांगायचं? पेटी बिघडलीय म्हणावं तर रजिस्टरात सही. सर म्हणाले, तिचे वडील लॅबमध्येच आहेत, त्यांनी दुसऱ्याच कुठल्या पेटीचा आकडा सांगितला असेल. परीक्षकांनी तिच्या पेपरवर गैरप्रकार म्हणून लिहिलं आणि ती नापास झाली. मी सरांना विश्वासानं सांगितलेली गोष्ट सरांनी माझ्याच लेकीवर उलटवली.

हे मला कुणा तिसऱ्यानं सांगितलेलं नाही. सर स्वतः सायकलवरून बावड्याला आले. माझ्या घरच्या चटईवर बसून म्हणाले, "बोलून गेलो, लालासाब. उद्याच युनिव्हर्सिटीला पत्र लिहितो. तू तक्रारीचा अर्ज करू नकोस, प्रकरण वाढेल." मी अर्ज केला नाही. अर्जाची मुदत गेली. पाच वर्षं मी समजत होतो, की युनिव्हर्सिटीनंच उत्तर दिलं नाही. माझी बायको इमामबी विचारायची, आलं का हो काय? मी म्हणायचो, येईल, सरांनी लिहिलंय.

गेल्या आठवड्यात सरांनी मला त्यांचं कपाट रिकामं करायला सांगितलं. त्यात ते पत्र सापडलं. वर तारीख, "माननीय कुलसचिव यांस", खाली "महोदय". पुढं काही नाही. मी खुर्चीवर बसलो. एकोणीस वर्षांत सरांच्या खुर्चीवर कधी बसलो नव्हतो, त्या दिवशी बसलो.

जरीना परत परीक्षेला बसली नाही. आम्ही समजावलं. ती म्हणाली, "अब्बा, मी मोजलं तेच लिवलं की. आता पास होऊन काय सांगू लोकास्नी? नक्कल केलती म्हणून?" पुढं लग्न झालं. सासरी कुणी शिक्षण विचारलं, तर मॅट्रिक सांगते.

वहिनीसाहेब, तुम्हाला वाईट वाटलं असेल, मला दिसतंय. मला आज यांच्या गळ्यात हार घालताना काय वाटलं, तेही सांगून टाकतो. राग आहे, आणि माया अजून गेलेली नाही, त्याचाही राग आहे.

माझ्यानंतर सर बोलणार आहेत. सर, पेटी बिघडली होती आणि पोरीचं रीडिंग बरोबर होतं, एवढंच या लोकांसमोर म्हणा. निकाल आता बदलणार नाही, मला माहीत आहे. मला ते वाक्य उद्या तिच्या घरी जाऊन सांगायचं आहे.

संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी आभारी आहे. मानाच्या दिवशी बोलू नये ते बोललो, मोठ्या मनानं माफ करा. आणि माफ करता येणार नसेल, तर हा गैरप्रकार माझ्या नावावर लिहा. माझ्या मुलीच्या नावावर लिहू नका. नमस्कार.