मॅक अँड चीज कुणाचं?

बहीण कॅनडात असली की काय होतं, ते माझ्याकडून ऐका. सुजाता टोरांटोची, आम्ही अमेरिकेतल्या पार्सिपनीचे. त्या उन्हाळ्यात ती लेकाला घेऊन एकटीच ड्राइव्ह करत आली, आणि मीही नुकतीच ऑफिसातून आले होते. दोघींना धड उभं राहवत नव्हतं, आणि पोरं भांडत होती मॅक अँड चीजवरून, म्हणजे पाकिटातल्या चीज घातलेल्या मॅकरोनीवरून. तिच्या रोहनने येताना आपलं कॅनडाचं पाकीट आणलं होतं.

"अवर्स इज द रिअल वन!"

माझी ईशा म्हणाली, "नो वे! युवर्स इज फेक!"

"मावशी, तूच सांग," रोहन म्हणाला.

"दोन्ही करते. आधी गप्प बसा."

पण दोन पातेली घासायचं त्राण कुणात होतं? दोन्ही पाकिटं एकाच पातेल्यात शिजवली आणि दोन बोलमध्ये वाढली. हे कॅनडाचं, हे अमेरिकेचं. दोघांनी एकमेकांचं चाखून तोंडं वाकडी केली आणि आपापलं चाटूनपुसून संपवलं.

चहा घेताना सुजाताला खरं सांगितलं. दमलेली असूनही ती पोट धरून हसली. मग पातेल्यात उरलेलं चमच्याने खात म्हणाली, "पण ताई, चव आली ती आमच्या पाकिटामुळे हं."