माग्वेची सून

म्यानमारच्या सीमेवरच्या निर्वासितांच्या छावणीत दवाखान्याच्या रांगेत बसलो होतो. मागे पायाला फळ्या बांधलेला एक म्हातारा शेजारच्या बाईशी बोलत होता.

“सरकारी फौज शहरात शिरली तेव्हा कुठं होतात, आजोबा?”

“घरातच. विमानांनी बाजार जाळला, सगळे डोंगराकडे पळाले. माझा पाय मोडलेला. सुनेला म्हटलं, तू जा.”

“आणि मुलगा?”

“तो फौजेविरुद्ध आपल्या गावच्या पोरांबरोबर पुलावर लढत होता. सून आपल्या डोंगरातली नव्हे, बर्मी; खाली सपाटीवरच्या माग्वेची. फौजेच्या लोकांतली म्हणून मी लग्नालाही गेलो नव्हतो.”

“तरी थांबली?”

“थांबते कसली! मला पाठीवर घेतलं नि निघाली. भाताच्या शेतापाशी सैनिकांनी अडवलं. एकानं मला विचारलं, ‘मुलगा कुठंय तुझा?’”

“अगं बाई! मग?”

“मी तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, ‘ते बहिरे आहेत. माझे वडील आहेत.’ तिची बोली ऐकून तो चमकला. म्हणाला, ‘तू तर आमच्याकडची, हा तुझा बाप कसला? म्हाताऱ्याला ठेव इथंच, तुला गाडीतून माहेरी पोचवतो.’”

“सुटली असती की हो ती!”

“सुटली असती. म्हणाली, ‘वडिलांना टाकून कुठल्या तोंडानं माहेरी जाऊ?’ त्यानं माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली नि वाट सोडली.”

“काळीज आहे हो पोरीला! आणि मुलगा?”

“आला परवा. एक हात गमावून, पण आला.”

तेवढ्यात एक तरुणी वाकत, कंबर धरत आली. “बाबा, चला, तुमचा नंबर लागला.”

“माझा पाय कुठं पळून जात नाही. आधी तुझी पाठ दाखव, लेकी.”