श्योराचं घर बदलताना

— अहो नाही नाही, त्या पेटीवर नका बसू, ती माझ्या आईची, बिजागरी खिळखिळी झालीय — इकडे या, खिडकीपाशी. नळी ठिबकतेय ना नीट? मी मोजले, सेकंदाला दोन थेंब. तुम्ही दोन म्हणालात तर दोनच, तिसरा पडू द्यायची नाही मी. म्हणजे माशांना नव्या पाण्याची सवय व्हायला अजून तासभर तरी आहे. आणि तो तासभर तुम्ही काय बादलीकडे बघत बसणार, ल्युबो? घ्या, प्रिगानित्से घ्या, आत्ताच तळलेत, मधात बुडवून खा. रकिया नको? बरं, गाडी न्यायची आहे, राहू दे — पण अंजिरं खायला कुठली आलीय हरकत? खा. माझ्या घरातून उपाशी कुणी गेलेलं नाही, आणि तुम्ही तर एवढी चारशे लिटरची टाकी त्या पायऱ्यांवरून वर आणलीत.

श्योरा कशी आहे बघा जरा. तीच हो, मोठी केशरी. बाजूला चिकटून आहे तो तिचा नवरा, तिच्या निम्मा, ती वळेल तिकडे वळणारा. आमच्याकडे मोठ्या घरच्या बाईला श्योरा म्हणतात, तसंच नाव ठेवलं त्रिपोनं — त्रिपो म्हणजे माझे यजमान. अकरा वर्षांची आहे ती. त्रिपो उद्या दुपारी घरी येतोय, पोदगोरित्साहून, भाचा आणतोय गाडीनं. हृदयाचं ऑपरेशन झालं, तीन ठिकाणी जोडलंय म्हणे. रोज पाच वाजता फोन करतो आणि पहिलं काय विचारतो? विंका, तू जेवलीस का? छे! श्योरा जेवली का? — चौतीस वर्षं जहाजावर काढली या माणसानं, मी किनाऱ्यावर बसून वाट पाहिली, आणि एका रजेत त्यानं समुद्राचा एक तुकडा दिवाणखान्यात मांडला, शेवटी कायमचा घरी आला तर त्याच्यासमोरच खुर्ची टाकून बसला. पाठ माझ्याकडे!

नाही, ह्या मोठ्या टाकीचं त्याला माहीत नाही. कशाला सांगू? ऐकलं असतं तर नळ्या ओढून इकडे पळत आला असता. ऑपरेशनला नेताना चाकाच्या पलंगावर आडवा, अंगावर ती हिरवी चादर, माझा हात धरला — मला वाटलं आता काहीतरी गोड बोलेल, बेचाळीस वर्षं झाली लग्नाला — तर म्हणाला, ‘विंका, मला काही झालं तर श्योराला सांभाळ. हलवावं लागलं तर हलव. पण ह्या वेळी दगड धुऊ नकोस.’ झालं! एवढंच! नेलं आत. आणि मी त्या बाकावर बसले, माळ हातात, आणि मला राग येतोय, रडू येतंय, आणि मी गोस्पाशी भांडतेय.

गोस्पा म्हणजे आमची मारियामाय, समोरच्या बेटावरची, तुम्ही येताना पाहिलंच असेल. निकशिचची माणसं तुम्ही, डोंगरातली — डोंगरातला माणूस समुद्राचे मासे विकतो ह्याचं मला अजून हसू येतं, रागावू नका. तर नवस बोलायचा म्हणजे आमच्याकडे चांदीचा पत्रा वाहतात, जहाज वाचलं की जहाजाचं चित्र, हृदय वाचलं की हृदय. मी म्हटलं, माय, तुझ्या भिंतीवर चांदीला जागा उरलेली नाही, आणि चांदी द्यायला मला जड जात नाही. जे जड जातं ते देते. त्याला परत आण, मी त्याच्या माशांना मोठं घर देईन, माझ्या हातानं. तुम्ही हसताय. हसा. पण ह्या कोपऱ्यात ना, आता तुमची टाकी आहे तिथे, ही पेटी होती. आईनं दिलेली, अक्रोडाची. त्रिपो दरवर्षी म्हणायचा, विंका, तेवढा कोपरा दे, त्यांना फिरायला जागा नाही. आणि मी दरवर्षी म्हणायचे, माझी आई हलणार नाही. आई जाऊन वीस वर्षं झाली होती हो. खरं सांगू? पेटीचं काही नव्हतं. मला वाटायचं, आधीच तो तिकडेच बघतो, टाकी मोठी झाली तर मग माझ्याकडे बघायचं राहिलंच!

तर पेटी निघाली. परवा तुम्ही टाकी मांडून, पाण्यात मीठ कालवून गेलात, तेव्हापासून मी तिच्याभोवती फिरतेय, तापमान बघतेय, ती काचेची नळी तरंगवून खारटपणा मोजतेय. दार उघडलं की समुद्र, आणि मीठ मात्र तुमच्या दुकानातून आणायचं! त्रिपो सांगायचा, आपल्या खाडीत डोंगराचं गोडं पाणी उतरतं, श्योराला चालत नाही. श्योराचे नखरे. आज सकाळी जुनं पाणी निम्मं आपण ओतलं, दगड ओले ठेवूनच हलवले, वाऱ्याला जास्त लागू दिले नाहीत, नवी वाळू — जुनीतला तो काळा गाळ बघून मला तर — बघा, मी काही पुसलं नाही, काही घासलं नाही. हात शिवशिवत होते, पण नाही.

तो आवाज? बोटी बांधतायत एकमेकींना. आज बावीस जुलै ना. संध्याकाळी सगळ्या बोटी एका दोरानं जोडून दगड भरून बेटाकडे नेतात आणि बेटाच्या कडेला समुद्रात सोडतात — असंच तर बेट उभं राहिलंय, दगडावर दगड. पुरुषच जातात. त्रिपोचा दगड ह्या वर्षी भाच्याचा मित्र टाकेल. माझे वडील दुपारपासून आपला दगड घासत बसायचे, ब्रशनं, व्हिनेगरनं, शेवाळाचा कण राहता कामा नये. मायला घाणेरडा दगड द्यायचा नाही, म्हणायचे. मी पाणी ओतायला. आमच्या घरात दगड म्हटला की —

अहो. अहो ल्युबो, ती कुशीवर कलंडली का? बघा ना, तळाला, एका बाजूला — कल्ले किती जोरात हलतायत! नवरा बघा कसा घाबरलाय. काय करू? हवेची नळी? ही घ्या, ही घ्या, लावा. माय, माय गं, एवढंच, तेवढी उद्या दुपारपर्यंत — मग पुढचं मी बघते. बुडबुडे येतायत. थांबू? बरं, बसते. बसते मी. पण बोलू द्या, गप्प बसले तर मला तेच दिसतं.

तेच हो — सात वर्षांपूर्वीचं. अशीच पडली होती ती, आणि बाकीचे आठ मासे तर — कुणालाच सांगितलं नाही मी हे. पाद्रींना सांगितलं, पण त्यांना मासा म्हणजे तळायचाच ठाऊक. त्रिपोची ती शेवटची सफर होती, तेवीस जुलैला घरी येणार. मी म्हटलं, माणूस कायमचा घरी येतोय, त्याची टाकी कशी दिसते, दगडांवर जांभळं-जांभळं काय काय चढलंय. सगळे दगड काढले. अंगणात नेले. वडिलांसारखे बसून घासले, व्हिनेगर, नळाचं पाणी, ब्रश — पांढरे शुभ्र! असे चकाकत होते की वाटलं, वडील असते तर म्हणाले असते, शाब्बास विंका. परत टाकीत मांडले. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा आठ मासे तळाला आणि श्योरा एका कुशीवर. मला काय माहीत की ते जांभळं म्हणजेच जीव होता, पाणी साफ ठेवणारं सगळं त्या दगडातच राहतं म्हणून? मी दारातच सांगितलं, वादळात आपल्या घरची वीज दोन दिवस गेली, त्रिपो, यंत्रं बंद पडली. तो म्हणाला, हं. प्रवासाच्या कपड्यांनिशी तसाच उकिडवा बसला, सगळं पाणी बदललं त्यानं, श्योराला तीन दिवस हातानं भरवलं. वाचली. एक शब्द बोलला नाही मला. उलट शेजारच्या क्र्स्टोला तोच सांगायचा — आमच्या घरची वीज दोन दिवस नव्हती रे, विंका बिचारी एकटी काय करणार! चौकात सांगायचा, बहिणीला फोनवर सांगायचा. इतकं सांगितलं की मला स्वतःलाच कधीकधी वीज गेल्यासारखं आठवायला लागलं.

ल्युबो, एक विचारू? वीज गेली की दगड पांढरे होतात का हो?

नाही?

दोन दिवसांत अजिबात नाही?

म्हणजे तो दारातून आत आला, समोर टाकी, आणि दगड दुधासारखे. आणि अंगणात व्हिनेगरचा वास. चौतीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. आणि म्हणाला, हं. — ‘ह्या वेळी.’ ‘ह्या वेळी दगड धुऊ नकोस.’ मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं हो, की मी दगड धुतले. कधीच. आणि मी तिथे बाकावर बसून चिडत होते, की गोड काही बोलला नाही.

हं. नाही, काही नाही, डोळ्यात तळणाचा धूर गेला. तळण कधीचं झालं ना? असू दे.

सरळ झाली? खरंच? अरे, नवऱ्याला ढुशी मारली तिनं! मग ठीक आहे, मारतेय म्हणजे ठीक आहे. झाला तास? मी सोडू? नाही, माझ्याच हातानं, तसंच बोललेय मी मायला. हळू — वाटी बुडवते — जा बाई, जा, श्योरा, हा सगळा कोपरा तुझा, माझ्या आईचा कोपरा आहे, लक्षात ठेव. गेली दगडामागे. लपली. लपू दे, मीही सासरी आले तेव्हा स्वयंपाकघरात लपले होते. बघा ना तो दगड, ल्युबो, तोच तो, मी सगळ्यात जास्त घासलेला — काठापासून किती जांभळा झालाय. मी रोज बघत होते आणि मला दिसलंच नाही.

बाहेर आली. आली बघा, नाक आधी. नवराही आला. माझ्याकडे बघतेय. मला ओळखते ती, दहा दिवस मीच बोलतेय तिच्याशी.

पाच वाजले का? फोन — हो, हो, तोच. ती अंजिरं न्या, सगळी पिशवी न्या, तुमच्या घरी नेऊन द्या, आणि दार हळू लोटा, ती आत्ताच बाहेर आलीय. जा आता. जा म्हणते ना.

— हॅलो? त्रिपो? हो, जेवली. दोघीही जेवलो. — ऐक, मी तिला हलवलं, आईच्या कोपऱ्यात, मोठ्या टाकीत. — दगड? नाही रे. ह्या वेळी नाही धुतले.