मोटर भरणारी बाई

मी सिंदेवाहीकडची, ढिवराच्या घरची. तलावात मासोळी धरणं, जाळं विणणं, धानाचे रोवणे, कापणी, अन् कापणी झाली का तेलंगणात मिर्ची तोडायले जाणं, असं सालभराचं ठरलेलं. मग माह्या मालकाले साप चावला. दवाखान्यात नेलं, घरी आणलं, जाळलं, तेरवी केली, सारं मीच पाह्यलं, कोणते भांडे कोणाचे आणले तेही परत केले. बाया म्हणे रड वं, मोकळी हो. काय सांगू तुमाले, रडू आलंच नाई. अजून नाई.

लहानी पोरगी दहावीत. मिर्चीले नेली तर शाळा जाते, मोठीची तशीच गेली. अन् एकटीले ठेवू कोणाजवळ? म्हणून तालुक्याच्या कॉलेजात पंपाची जळलेली मोटर भरायचा कोर्स निघाला तवा मी नाव टाकलं. पास झाली का दुकानात काम लावून देतो म्हणे. सोबतच्या पोरी माह्या मोठीएवढ्या. एक म्हणते, काकू, स्वयंपाकाचा वर्ग तिकडं हाय. मी म्हटलं, तुले भूक लागली असन तर तू जाय. तवापासून त्यायनं मले आपल्यात घेतलं.

तारेचे वेढे घ्यायचे, खाचीत बसवायचे, वरून दोऱ्यानं बांधायचं. आता जाळं विणताना आमच्याकडं दोरा तोंडात ओला करते, गाठ घट्ट बसते मग, सरकत नाई. मायनं तसंच शिकवलं, तिच्या मायनं तिले. परीक्षेच्या मोटरवर मी तेच करून राह्यली, मले पत्ताच नाई. सरनं ओल दाखवणारा मीटर लावला, काटा पडला. म्हणे बाई, आत ओल कुठून आली? मी म्हटलं कोरडीच तर हाय सर. बाजूची पोरगी म्हणे, काकू दोरा चाटून राह्यली होती न सर. सारे हसले. सर नाई हसले. म्हणे जाळ्याले पाणी चालते बाई, मोटरीले नाई. नापास.

घरी आली, भात टाकला, भांडे घासले. मिर्चीचा मुकादम दारात, नाव लिहू का म्हणे. लिहा म्हटलं. पोरगी ऐकून राह्यली होती, दप्तर आवरत बसली. मले वाईट वाटाले पायजे होतं. वाटलं नाई.

मिर्चीची गाडी निघायच्या आधी सरनं फेरपरीक्षा ठेवली. मी नाकातोंडाले दुपट्टा बांधून बसली. तरी हात दोरा घेऊन तोंडाकडं जाय, फडक्याले लागून वापस ये. काटा जागेवर राह्यला. सर म्हणे पास. मी म्हटलं बरं. जाताजाता मुकादमाले सांगतलं, नाव काढा. तो म्हणे, आता इंजिनेर झाल्या का बाई? मी म्हटलं, काढा.

आता दुकानात हाय. परवा मिर्चीची गाडी इथूनच गेली, माही जाऊ होती त्यात, तिनं आवाज देल्ला, मी हात वर केला अन् कामाले लागली. पोरगी घरी हाय, अभ्यास करून राह्यली, तेवढं मले समजते. खुशी व्हायची तवा होईन. गेलेल्या बाया धडधाकट वापस येवो. तुमीही सांभाळून जा, रस्ता जंगलातला हाय. मले आता हा पंप द्यायचा हाय, माणूस थांबला हाय बाहेर.