आतला उंबरठा

अकोल्याच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग खोळंबली होती. चंद्रभानचं विकाऊ नवं घर सकाळीच कुलूप काढून पाहून पुंजाराम तसाच एकटा गाडी हाकत इथं आला होता. पुढचे दोघे गाडीवान नेमकं त्याच घराचं बोलू लागले.

"काहून इकून राहिला? औंदाच तं बांधलं, कापसाच्या तेजीत."

"सुनेसाठी बांधलं. घरभरणीच्या आधीच पटकीनं गेली बिचारी."

"मंग?"

"मंग काय! घर कुलपात, अन् आतल्या उंबरठ्यावर रोज सकाळी ताजं कुंकू."

"कोण वाहते?"

"जिचं घर, थेच. ज्याच्या पायाले लागते, त्याच्या मागं येते म्हणतात."

पुंजारामनं लाल झालेले तळपाय हळूच धोतरात ओढून घेतले.

मागच्या गाडीवानानं हाक दिली, "ओ भाऊ, तुमच्या कापसावर बाई उन्हात बसली. तिले सावलीत तं घ्या!"