रांजणाची भूक

काकू: दोन बादल्या आणल्यात. तिसरी गळकी आहे, पण ओतायलाच तर न्यायची. गळली तर गळली.

भाची: काय ओतायचंय, काकू?

काकू: ते तुझ्या आत्यालाच विचार. सकाळी डोळे चोळतेय तोवर हुकूम आला, आज निळीचा रांजण उपसायचा. थोरल्या जाऊबाईंपुढे मी कोण बोलणार?

आत्या: तू नाही बोलणार तर कोण बोलणार? अख्ख्या गल्लीला ऐकू जातं तुझं. आणि तू गं, तो कॅमेरा आधी बंद कर. आज बघण्यासारखं काही नाही.

भाची: केला बंद. पण आत्या, हा रांजण कधी रिकामा करायचा नसतो ना? तूच सांगितलंस. तळाचं राखायचं, विरजणासारखं, आणि त्यावर नवी नीळ चढवायची. तुझ्या सासूबाईंच्याही आधीचं विरजण आहे त्यात.

आत्या: आहे ना. म्हणून तर ओततेय. माझ्या हातून नासण्यापेक्षा माझ्या हाताने ओतलेलं बरं.

भाची: नासलंय कुठे? परवाच्या ओढण्या बघ दोरीवर. मी तर रोज त्यांच्याखालून मुद्दाम दोनदा जाते.

आत्या: आणि त्याआधीचा तागा? राखेसारखा निघाला तो? या घरातून असं कापड कधी बाहेर गेलं नव्हतं.

काकू: गेलंच नाही बाहेर. तुम्ही घडी घालून फडताळात सगळ्यात खाली दडपलंत.

आत्या: तुझी नजर कुठे कुठे पोचते गं?

भाची: एक तागा बिघडला म्हणून एवढं टोकाला जायचं?

आत्या: तागा नाही बिघडला. मी बिघडलेय. बस इथे, सांगते. मागच्या थंडीत मला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना माझं नाक घेऊन गेला. तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. फुलाचा नाही, धुराचा नाही. रोज सकाळी झाकण काढते, वाकते, हुंगते, मान डोलावते, आणि सगळ्यांना वाटतं, बाईला कळलं रांजणाला आज काय हवंय ते. काही कळत नाही. नुसतं सोंग. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून रेटलं इतके दिवस. आता मूठ उघडायची वेळ आली.

भाची: आत्या.

आत्या: रडू नकोस. रांजण जितंजागतं जनावर आहे. आंबला तर चुना मागतो, सुस्तावला तर कोंडा मागतो, आणि हे सगळं तो वासाने सांगतो. ज्याला ऐकू येत नाही त्याने त्याला कोंडून ठेवू नये.

काकू: ताई, मला शंका होती. दूध करपलं त्या दिवशी तुम्ही चुलीशेजारीच भाजी निवडत बसला होतात. मी अंगणातून धावत आले आणि तुम्ही विचारलंत, कुठे आग लागली?

आत्या: मग बोलली का नाहीस?

काकू: तुम्ही बोलला नाहीत, मग मी कुठल्या तोंडाने बोलू?

आत्या: मी तुझ्याच भरवशावर होते त्या दिवशी. राखाडी तागा बुडवायच्या आधी तुला हाक मारली, म्हटलं, बघ गं जरा, वास कसा येतोय. तू वाकलीस आणि म्हणालीस, झकास.

काकू: म्हणाले खरी.

भाची: काकू, त्या दिवशी तुमच्या डोक्याला मफलर होता. आदल्या दिवसापासून तुम्ही वाफारा घेत होतात.

आत्या: म्हणजे?

काकू: म्हणजे काय, नाक चोंदलं होतं माझं. पार बंद.

आत्या: आणि झकास म्हणालीस?

काकू: मी या घरात आले त्याला किती वर्षं झाली, ताई? धुणं माझं, वाळवणं माझं, घड्या माझ्या. रांजणाजवळ तुम्ही मला कधी बोलावलं नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा हाक मारलीत. आता नेमकी सर्दी झालीय, असं कसं म्हणवलं असतं मला?

आत्या: शाबास. एकीला नाक नाही, दुसरीचं चोंदलेलं. आणि दोघी मिळून तागा बुडवतायत.

काकू: हसताय? हसा. मी त्या दिवसापासून नीट झोपलेली नाही.

आत्या: हसू नको तर काय करू? पण त्याने काही बदलत नाही. बादली घे.

भाची: थांब. मला एक सांगू दे, मग तुला हवं ते कर. मी इथे का आले, आठवतंय?

काकू: काठीसाठी. माणसं हाताने कामं कशी करतात ते बसून बघायचं आणि मग त्यांना सोयीचं काहीतरी घडवायचं, असला काहीतरी अभ्यास. मी तर सगळ्यांना सांगते, आमच्या ताईंची भाची काठी शिकायला आलीय.

भाची: तेच. रांजण ढवळायला लांब दांड्याची काठी आणि कोपरापर्यंतचे हातमोजे बनवायचे होते. तुमचे हात निळे होऊ नयेत, रांजणात हात घालावाच लागू नये, म्हणून. मोजे माझ्या पिशवीत पडून आहेत. मी बाहेर काढलेच नाहीत.

आत्या: का बरं?

भाची: कारण मी तुझा हात बघत बसले. आत्या, मी आले तेव्हा तुझा ताप होऊन गेला होता ना?

आत्या: केव्हाच.

भाची: म्हणजे इथे मी जो जो निळा बघितला, तो सगळा तू नाकाशिवाय काढलेला आहेस.

आत्या: नशीब म्हणायचं.

भाची: रोज नशीब? मी चित्रण पुन्हा पुन्हा लावून बघितलंय. तू ढवळतेस, काठी टेकवतेस, बांगड्या काढतेस आणि हात आत घालतेस. वरच्या वरच, बोटं दिसतील इतक्या पाण्यात, अंगठा मधल्या बोटावर फिरवतेस. एका क्षणी अंगठा थांबतो. मग एकतर तू हात निथळून कापडाकडे वळतेस, नाहीतर डावा हात चुन्याच्या भांड्याकडे निघतो. आणि हे सगळं झाल्यावर तू वाकतेस आणि वास घेतेस. दर वेळी. हात भांड्याकडे निघालेला असतो आणि नाक अजून वरच असतं.

आत्या: असं काही मी करत नाही.

काकू: करता, ताई. मला वाटायचं, बोटं चोळायची सवय आहे तुम्हाला.

भाची: आणि राखाडी ताग्याच्या दिवशी अंगठा थांबलाच नाही. तू दोनदा हात बाहेर काढलास, दोनदा परत घातलास. तुझ्या हाताला पटत नव्हतं. मग तू काकूंना हाक मारलीस, त्या झकास म्हणाल्या, आणि तू स्वतःच्या हाताला गप्प केलंस.

आत्या: माझ्या हाताला कळत होतं, आणि मला नव्हतं? हे कसं असेल गं? सासूबाईंनी तर वासच शिकवला मला.

भाची: कसा शिकवला?

आत्या: शिकवला म्हणजे, त्या हुंगायच्या, मी बघायचे. लग्न होऊन आल्यावर कितीतरी दिवस नुसती बघतच होते, तुझ्यासारखी. एकदा संध्याकाळी म्हणाल्या, उद्या येताना बांगड्या काढून ये. एवढंच. दुसऱ्या दिवशी माझा हात धरून रांजणात घातला.

काकू: ताई, मी एक बोलू?

आत्या: आजवर विचारून बोललीस कधी?

काकू: सासूबाई तपकीर ओढायच्या.

आत्या: ओढायच्या. मग?

काकू: सकाळ, दुपार, संध्याकाळ. त्यांची डबी मीच भरून आणायचे. इतकी तपकीर ओढणाऱ्या बाईला कसला वास येणार, ताई? एकदा त्यांच्या खोलीत उंदीर मरून पडला होता. आम्ही नाकाला पदर लावून शोधतोय आणि या शांत झोपलेल्या.

आत्या: अगं बाई.

काकू: मलाही आत्ताच सुचलं बघा.

आत्या: म्हणजे त्यासुद्धा?

भाची: त्यासुद्धा. आत्या, ओतायच्या आधी एकदा करून बघ. काकू, तुमचं नाक आज मोकळं आहे ना? नक्की?

काकू: शपथ घेऊ का?

भाची: मग आधी तुम्ही वास घ्या. पण बोलू नका. आत्या, तू वाकू नकोस. फक्त हात.

आत्या: परीक्षा घेतेस होय माझी? बरं. या बांगड्या धर. आणि दोघी गप्प बसा.

भाची: बसलो.

आत्या: ऊब आहे. गुळगुळीतपणा आहे, साबणाच्या पाण्यासारखा, म्हणजे चुना नको. पण अंगाला हवा तसा चिकटत नाहीये. पातळ झालाय. दमलाय बिचारा. उद्या कोंडा लागेल. आज याच्याकडून एकच कापड घ्यावं आणि याला निजू द्यावं. थांबला गं. अंगठा थांबला माझा. खरंच थांबतो.

भाची: काकू, आता सांगा.

काकू: आंबूस अजिबात नाही. गोडसर आहे, पण नेहमीपेक्षा मंद. भूक लागल्यासारखा. ताई, मी तुमचं ऐकून नाही हो सांगत. आधीच ठरवलं होतं.

आत्या: माहितीय. आज तुझा आवाज खाली आलाय, त्यावरूनच कळलं.

भाची: एक कापड घेईल म्हणालीस ना? मग तो राखाडी तागाच घेऊ या. सगळा नको, एक तुकडा.

आत्या: तो नको. तोंड नाही बघवत त्याचं.

काकू: मी कापून आणलाय. भिजवून, पिळूनसुद्धा झालाय. बादल्या आणायला गेले तेव्हाच. काय ते एकदा कळू दे, नाहीतर आजही झोप नाही मला.

आत्या: आण इकडे. कडेने सोडायचा असतो, बुडबुडा आत जाता कामा नये. असा. आता पाण्याखालीच उलगडायचा, हळूच, झोपलेल्या लेकराचे कपडे बदलावेत तसा. तू बघतेयस ना?

भाची: बघतेय.

आत्या: काढते आता.

(कापड वर येतं.)

भाची: किती वेळा बघितलं असेल मी हे. हिरवं बाहेर येतं, पोपटी, आणि हवा लागली की आपल्यादेखत निळं होत जातं. आधी कडा, मग मध्य. मला कारण माहीत आहे, परीक्षेत लिहिलंय मी ते. तरी दर वेळी मी बाकी सगळं विसरते.

काकू: मी वाळत घालते ते निळं झाल्यावर. होताना कधी बघितलंच नव्हतं इतक्या जवळून. ताई, ती राख कुठे गेली?

आत्या: खाली आहे. तिच्यावर चढलाय तो. बघ, जिथे जास्त राखाडी होतं तिथे जास्त खोल दिसतोय. असा निळा माझ्या हातून आधी निघाला नव्हता.

काकू: सासूबाईंच्या हातून?

आत्या: त्यांच्या हातूनही नाही. आणि मी हा रांजण आज ओतायला निघाले होते.

काकू: मग बादल्यांचं काय करू?

आत्या: एकीत कोंडा भिजत घाल. बाकीच्या जागेवर ठेव. आणि धाकटे, उद्यापासून सकाळी झाकण काढताना तूही ये. सर्दी असली तर सर्दी आहे म्हणायचं.

काकू: येते. हे काय, डोळ्यांत पाणी कशाला आणताय माझ्या?

भाची: आत्या, मी ते चित्रण करायचंच विसरले. कॅमेरा बंदच राहिला. उद्या पुन्हा करशील? मी सकाळी लवकर येते, कोपऱ्यात बसते, मधे मधे करणार नाही.

आत्या: ये. पण कोपऱ्यात नको बसू.

भाची: मग कुठे?

आत्या: इथे, माझ्याजवळ. आणि येताना ते मनगटावरचं घड्याळ काढून ये.