पालकांची सही

व्हिडिओनं पोरं शिकत न्हाईत म्हणताय नव्हं, मग माझं ऐका की. पाचवीच्या पालकांच्या ग्रुपवर मी अपूर्णांकांचे व्हिडिओ करून टाकत होते. माझ्या वर्गातल्या सानियाच्या घरून ते रोज सगळ्यात आधी बघितले जायचे, आणि हिच्या वहीत मात्र सगळी गणितं चुकलेली. एकदा भडकलेच, "रोज व्हिडिओ बघतीस, मग डोक्यात काय शिरतंय?"

"मला कुठं बघाय मिळतोय, बाई? अम्मी मोबाईल सोडतच न्हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं एक वेगळीच वही पुढं केली. "अम्मीची हाय. तपासा म्हणाली."

अम्मी मंगळवार पेठेत ब्लाऊज शिवते. तिची शाळा पाचवीतच सुटलेली. दहापैकी नऊ गणितं बरोबर होती! हाताच्या सवयीनं शेरा मारला, 'छान. चूक दुरुस्त करून पालकांची सही आणावी.' लिहून झाल्यावर जीभ चावली, पण खोडलं न्हाई.

सकाळी वही परत आली. चुकलेलं गणित नीट सोडवलेलं होतं, आणि पालकांच्या जागी वाकड्यातिकड्या अक्षरात सही होती, सानियाची.